मंजुरी मिळाली, पुढे कोण पाहतं?

प्रश्न असा आला आहे: जनुकीय बियाणं किंवा जनुक-संपादन यांसारखं नवं तंत्रज्ञान येतं तेव्हा सरकारचं विज्ञान धोरण त्याला खरोखर दिशा देतं का, की फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणून मोकळं होतं? विचारणारी मुलगी कृषी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते आहे. तिला भारतातलंच उदाहरण हवं आहे, आणि प्रबंधासाठी विषयही.

उदाहरणासाठी लांब जायला नको. मी कापूस पैदासकार. नोकरी सरकारी संशोधन केंद्रात गेली, बीटीच्या (एका जिवाणूचं जनुक घातल्यामुळे अळीला मारक ठरणाऱ्या कापसाच्या) चाचण्यांचे प्लॉट पेरले, हंगाम संपल्यावर जाळले, आणि पुढे जैवसुरक्षा समितीच्या बैठकांनाही बसलो. तेव्हा उत्तर कापसातूनच देतो.

आधी माझं मत सांगून टाकतो. तंत्रज्ञान आत घ्यायचं की नाही हे ठरवण्याच्या वेळी आपलं धोरण फार जागं असतं. समित्या बसतात, फायली फुगतात, मंत्री निवेदनं करतात, कोर्टात तारखा पडतात. बियाणं एकदा कृषी केंद्राच्या फळीवर लागलं की सगळे घरी जातात. खरी दिशा द्यायची गरज तिथून पुढे असते, आणि तिथे कोणाचीच नेमणूक नसते. जीएमच्या, म्हणजे जनुकीय पिकांच्या, बाजूचे आणि विरोधातले दोघेही पहिल्याच टप्प्यावर इतके भांडतात की दुसऱ्याकडे बघायला कोणाला वेळ उरत नाही.

अभ्यासक्रमात तुम्हाला १९५८चा विज्ञान धोरण ठराव असेल, १९८३चं तंत्रज्ञान धोरण, २००३चं, २०१३चं आणि २०२०च्या डिसेंबरअखेर निघालेला पाचव्या धोरणाचा मसुदा. परीक्षेपुरतं ठीक आहे. माझ्या टेबलावर यांतलं एकही कधी आलं नाही. आमचं रोजचं धोरण म्हणजे १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली काढलेली नियमावली. जगात तेव्हा एकही जनुकीय पीक बाजारात नव्हतं. अमेरिकेतला पहिला जनुकीय टोमॅटोसुद्धा १९९४चा. त्या काळाच्या मानाने ही नियमावली दूरदृष्टीची होती यात शंका नाही. प्रत्येक संस्थेत एक जैवसुरक्षा समिती, तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम ही छाननी समिती, आणि शेतात खुलं सोडण्याचा निर्णय घ्यायला पर्यावरण मंत्रालयातली जीईएसी ही समिती. शिवाय राज्य पातळीवर एक समिती आणि जिल्हा पातळीवर एक. जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. या शेवटच्या दोन समित्या लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे.

पहिल्या टप्प्यावर आपण किती काटेकोर असतो ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. जैवसुरक्षा चाचणीच्या पहिल्या पातळीवर एका ठिकाणी एक एकराच्या वर पेरता येत नाही. भोवती ठरावीक अंतरात दुसरा कापूस नको. पेरलेल्या सरकीचा ग्रॅमवारी हिशेब: किती आली, किती लागली, उरलेली कुठल्या कपाटात, किल्ली कोणाकडे. देखरेख पथक येतं, वहीत सही करतं. शेवटी पऱ्हाटी उपटून तिथेच जाळायची, आणि पुढच्या पावसात त्या जागेवर एखादं रोप उगवलं तर तेही उपटून नोंद करायची. एका पावसाळ्यात आमचा शेतमजूर छत्री घेऊन रिकाम्या प्लॉटवर फेऱ्या मारायचा आणि संध्याकाळी येऊन सांगायचा, 'साहेब, आज दोन.' ती दोन रोपं रजिस्टरला चढायची. एवढी निगराणी एका एकराची.

आता त्याच काळात गुजरातेत काय चाललं होतं ते बघा. २००१ साली बोंडअळीने तिथला कापूस खाल्ला, आणि काही शेतं तेवढी हिरवीगार उभी राहिली. ते 'नवभारत १५१' नावाचं संकरित वाण होतं. तपासलं तर आत बीटी जनुक, परवानगी कुठलीच नाही. जीईएसीने उभं पीक उपटून जाळायचा आदेश काढला. तोवर बराच कापूस वेचून बाजारात गेला होता, आणि ज्यांचं पीक वाचलं ते शेतकरी ते जाळू देणार कसे? म्हणजे भारतातला पहिला बीटी कापूस धोरणाने आणलेलाच नाही. २६ मार्च २००२ रोजी जीईएसीने महिकोच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन वाणांना मंजुरी दिली, तेव्हा घोडं आधीच गावात शिरलेलं होतं. महिको आपल्या जालन्याची कंपनी, जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीचं.

मंजुरी बिनशर्त नव्हती, आणि अटींमध्ये सगळ्यांत महत्त्वाची होती रेफ्युजीची. बीटी पिकाभोवती नॉन-बीटी कापसाच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढं लावायचं. यामागचं शास्त्र सरळ आहे. बीटी खाऊनही जगणारी अळी लाखांत एखादीच असते. अशा दोन जगल्या-वाचलेल्यांचंच मीलन झालं तर पुढची पिढी पक्की होते. शेजारी नॉन-बीटीवर साध्या अळ्या वाढू दिल्या, तर त्यांचे पतंग या मोजक्या पतंगांशी मिळतात आणि प्रतिकारशक्ती विरत जाते. म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची छोटी पुडी यायची.

ती पुडी कुठे गेली हे विदर्भ-मराठवाड्यात कोणालाही विचारा. बांधावर गेली, उकिरड्यावर गेली, किंवा दुकानातच राहिली. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पाच एकर कोरडवाहू असलेल्या माणसाने त्यातला एक एकर अळीसाठी सोडावा, त्याचा फायदा सगळ्या जिल्ह्याला व्हावा आणि तोटा त्याच्या एकट्याच्या पदरात पडावा, असं ते गणित होतं. पुडीतलं वाण फुलोऱ्याला मुख्य वाणाशी जुळेलच याचीही खात्री नसायची. तसं जुळलं नाही तर दोन्हीकडचे पतंग एका वेळी निघत नाहीत आणि सगळा खटाटोप फुकट.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. ही अट पाळली जाते की नाही हे पाहणं कोणाचं काम होतं? अट घातली पर्यावरण मंत्रालयाने, तीही कंपनीला लिहिलेल्या पत्रात. कंपनी पुडी देऊन मोकळी. शेतात जाणारा कृषी सहायक राज्याच्या कृषी खात्याचा. त्याच्या कामाच्या यादीत रेफ्युजी नाही, त्यासाठी लेखाशीर्ष नाही, वरिष्ठांकडून विचारणा नाही. आता त्या जिल्हा समित्या आठवा. कागदावर देखरेखीचं काम त्यांचंच. जिल्हाधिकाऱ्यांना टंचाई, निवडणुका आणि पीकविमा यांतून जैवसुरक्षा आठवेल कधी? मोठमोठ्या कापूस जिल्ह्यांत अशी समिती असते हे जुन्या तालुका कृषी अधिकाऱ्यांनाही माझ्याकडूनच कळल्याचं मला आठवतं. एक एकराच्या प्लॉटवर उगवलेली दोन रोपं रजिस्टरला चढत होती आणि लाखो हेक्टरांवरची रेफ्युजी मोजायला कोणीच नव्हतं.

असं सगळीकडे होतं, असं म्हणू नका. आपल्याकडे पुढे बीटीला जुमानेनाशी झाली तीच गुलाबी बोंडअळी, तेच जनुक, अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य. तिथे १९९६पासून बीटी कापूस आहे. कापूस उत्पादकांनी स्वतः पैसे घालून चालवलेली परिषद रेफ्युजी कुठे लावली याचे नकाशे ठेवत होती. २००६पासून त्यांनी पुढची उडी मारली: फिनिक्समध्ये गुलाबी बोंडअळीचे पतंग वाढवायचे, वंध्य करायचे आणि विमानातून शेतांवर सोडायचे. २०१८ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने त्यांच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. आता तिथली शेती मोठी, ओलिताची, शेतकरी मोजके. यवतमाळच्या चार एकरवाल्याशी तुलना अन्यायाची होईल, हे मान्य. तरीही जनुक तेच असताना निकाल उलटा लागला, म्हणजे फरक जनुकाबाहेरचा आहे एवढं तरी त्यातून दिसतं.

आपल्याकडे २००६ साली दोन जनुकांचं बीटी, बोलगार्ड-२, आलं. पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी जुमानत नाही हे गुजरातच्या अमरेली भागातल्या नमुन्यांतून २०१० साली जाहीर झालं. दुसऱ्यालाही ती जुमानेनाशी झाल्याचं पुढच्या चार-पाच वर्षांत गुजरातेतूनच दिसू लागलं, आणि २०१७मध्ये महाराष्ट्रात हाहाकार झाला. डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमलता मिटलेली फुलं) दिसायला लागल्या तोवर उशीर झाला होता. बोंड वरून हिरवं, फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि कवडी झालेला कापूस. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या मृत्यूंना अनेक कारणं होती: डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, घातक मिश्रणं, संरक्षक साधनांचा पत्ता नाही. पण फवारणी कमी व्हावी म्हणून आणलेल्या तंत्रज्ञानाच्या पंधराव्या वर्षी हे घडलं, हे विसरता येत नाही.

इथे पैदासकार म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नाही, कारण धोरणाच्या चर्चेत ती जवळजवळ येतच नाही. आपण बीटी संकरित वाणांतच दिलं. चीन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका यांनी मुख्यतः सरळ वाणांत, म्हणजे घरचं बियाणं ठेवून पुन्हा पेरता येणाऱ्या वाणांत, दिलं. भारतात संकरित कापूस जुना आहे. सुरतेचा एच-४ १९७०चा, आपलं नांदेड-४४ त्यानंतरचं, आणि दोघांनीही एक जमाना गाजवला. कंपनीलाही संकरित सोयीचं, कारण शेतकऱ्याला दरवर्षी बियाणं विकत घ्यावं लागतं. पण संकरित झाडाला जनुक एकाच पालकाकडून मिळालेलं असतं. त्याच्या बोंडात जी सरकी धरते ती पुढची पिढी असते, आणि तिच्यात जनुकांची वाटणी होते. दोन जनुकांच्या वाणात हिशेब मांडा: सोळा सरक्यांत सरासरी नऊ दाण्यांत दोन्ही जनुकं, सहांत एखादंच, आणि एकात एकही नाही. गुलाबी बोंडअळी खाते ती नेमकी सरकीच. म्हणजे एकाच बोंडात तिला विषाचे कमी-जास्त डोस चाखत पुढे सरकता येतं. याचा प्रतिकारशक्तीवर नेमका किती परिणाम झाला यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. माझ्या मते बराच झाला.

शिवाय आपली संकरित वाणं लांब मुदतीची, आणि ओलिताची सोय असली की शेतकरी फरदड घेतो, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे ठेवतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात बोंडं, म्हणजे अळीला बाराही महिने जेवायला. आखूड मुदतीचं सरळ वाण दाट लावून डिसेंबरात शेत मोकळं करायचं, असं धोरण २००२ सालीच ठरवता आलं असतं. 'हे जनुक सुरक्षित आहे का?' एवढाच प्रश्न समितीपुढे होता. कुठल्या वाणात घालावं, किती दिवसांच्या पिकात, कोरडवाहूला की ओलिताला, हे प्रश्न समितीच्या कक्षेतच नव्हते. तंत्रज्ञानाला दिशा द्यायची म्हणजे हेच प्रश्न विचारायचे. ते कंपनीच्या विक्री विभागाने सोडवले.

सरळ वाणाचा एक सरकारी प्रयत्न झाला होता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाला सोबत घेऊन बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी आणलं. शेतकऱ्याला घरचं बियाणं ठेवता आलं असतं. ते बाजारात आलं आणि थोड्याच काळात मागे घ्यावं लागलं, कारण त्यात मोन्सॅन्टोच्या जनुकाची भेसळ निघाली. सोपोरी समितीने चौकशी करून २०१२मध्ये अहवाल दिला. त्या प्रकरणावर भरपूर टिंगल झाली. माझं दुःख वेगळं आहे: त्यानंतर दुसरा प्रयत्न तेवढ्या जोराने झाला नाही. सरकारी संशोधन एकदा तोंडघशी पडलं की मैदान सोडून देतं. एका तंत्रज्ञानावर एकाच घराण्याची मालकी नको असेल, तर सरकारी पर्याय उभा करणं हे धोरणाचं सगळ्यांत धारदार हत्यार. ते आपण म्यानात घातलं.

एका बाबतीत मात्र सरकारने जोर लावला, ती किंमत. सुरुवातीला पाकीट सोळाशे-अठराशेला जायचं. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं आणि किंमत साडेसातशेवर आली. महाराष्ट्राने २००९ साली स्वतःचा कापूस बियाणे कायदा केला. केंद्राने २०१५च्या डिसेंबरात दरनियंत्रणाचा आदेश काढला, २०१६ला बोलगार्ड-२चं पाकीट ८०० रुपये ठरलं, त्यातलं जनुकाचं शुल्क ४९ रुपये. काही वर्षांत ते शून्यावर आलं. शेतकऱ्याच्या खिशाला हे बरंच झालं. पण त्याच २०१६ साली महिकोने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीच्या कापसाचा अर्ज परत घेतला. ज्या जनुकावर अळी मात करते आहे त्याच्यासाठी दर कमी करणं योग्यच. नवं काय येणार, कोण आणणार आणि त्याचे पैसे कसे फिटणार, याचं उत्तर मात्र त्याच आदेशासोबत तयार हवं होतं.

वांग्याची गोष्ट थोडक्यात, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. १४ ऑक्टोबर २००९ रोजी जीईएसीने बीटी वांग्याला होकार दिला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपूरला, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. मी नागपूरच्या गर्दीत होतो. आरडाओरडा खूप झाला, तरी शेतकरी, वैद्य, शास्त्रज्ञ एका छताखाली मंत्र्याशी बोलताहेत हे चित्र मला चुकीचं वाटलं नाही. चूक पुढे झाली. स्थगिती कशासाठी, कुठल्या चाचण्या झाल्या की उठेल, त्या कोण करणार, किती वर्षांत, यांतलं काहीच बांधलं गेलं नाही. बांगलादेशने २०१३मध्ये तेच वांगं मंजूर केलं आणि २०१४ला वीस शेतकऱ्यांपासून सुरुवात केली. आपली स्थगिती अजून स्थगितीच आहे. मला त्या वांग्याचं सोयरसुतक नाही. आपल्या चुलीवर रोज चढणाऱ्या भाजीबद्दल सावध राहणं समजू शकतो. पण तारीख नसलेली स्थगिती हा निर्णय न घेण्याचा सभ्य मार्ग आहे.

आणि निर्णय न घेतल्याने तंत्रज्ञान थांबत नाही, याचा पुरावा चोर बीटी. कंपनीने अर्ज परत घेतला, पण तणनाशक सहन करणारी सरकी तोवर बाहेर पडली होती. निंदणाला माणसं मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, पाऊस लागून राहिला की डवरणी होत नाही. शेतकऱ्याला हे बियाणं हवं होतं. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरलं. तेव्हा यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. गुन्हे दाखल झाले, भरारी पथकं फिरली, आणि पेरा चालूच राहिला. पुढे २०२३च्या जनविश्वास कायद्याने कैदेची तरतूद काढून ते दंडावर आणलं.

चोर बीटीच्या पाकिटावर वाणाचं नाव खरं नसतं, लॉट नंबर नसतो, पावती तर नाहीच. उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करणार? आत बोलगार्ड-२ आहे की नुसतंच तणनाशकाचं जनुक, हेही कळत नाही. रेफ्युजीची गोष्ट सोडाच. बियाणं बेकायदा, पण त्याच्यासोबत लागणारं ग्लायफोसेट त्याच दुकानात उघड मिळतं. ते आपल्याकडे चहाच्या मळ्यांपुरतं आणि पीक नसलेल्या जागेपुरतंच मान्य आहे. २०२२च्या ऑक्टोबरात केंद्राने ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत वापरायचा आदेश काढला. बियाण्याचा निर्णय पर्यावरण मंत्रालयात, तणनाशकाचा कृषी मंत्रालयात, दुकानाचा परवाना राज्याकडे. शेतकरी मात्र दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत घेऊन घरी जातो. मी या बियाण्याच्या बाजूने नाही. तणं ग्लायफोसेटला सरावतात हे अमेरिकेच्या कापूस-सोयाबीन पट्ट्याने दाखवून दिलं आहे. पण 'परवानगी नाही' असं लिहून ठेवल्याने आपण काही रोखलं, हा समज सोडायला हवा. अभ्यास, अटी, लेबल, भरपाई या सगळ्यांतून ते बियाणं सुटलं, एवढंच झालं.

सगळंच अंधारात आहे असं नाही. २०१७च्या फटक्यानंतर महाराष्ट्राने एक साधी गोष्ट केली: कापसाचं बियाणं शेतकऱ्याला साधारण एक जूनच्या आधी विकायचं नाही. मान्सूनपूर्व पेरा थांबला की पहिल्या पिढीच्या पतंगांना फुलं-पात्या सापडत नाहीत आणि त्यांचं चक्र तुटतं. जोडीला कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), फरदड न घेण्याचा प्रचार, जिनिंगच्या आवारात सापळे. आणि नॉन-बीटीची वेगळी पुडी बंद करून बीटीच्या पाकिटातच ते बियाणं मिसळायचं केंद्राने ठरवलं. फेकायला आता वेगळी पुडीच उरली नाही. गुलाबी बोंडअळी एका झाडावरून दुसऱ्यावर फारशी जात नाही, म्हणून तिच्या बाबतीत ही मिसळण चालते. हेच शहाणपण २००२ साली आलं असतं तर, असं मनात येतंच. पण बघा, यांतल्या एकाही उपायाला नवं जनुक लागलं नाही. विक्रीची तारीख आणि पाकिटातली मिसळण, दोनच गोष्टी, दोन्ही शेताकडे बघून ठरवलेल्या.

आता तुमच्या पिढीकडे वळतो. ३० मार्च २०२२ रोजी पर्यावरण मंत्रालयाने एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारच्या जनुक-संपादित वनस्पतींना १९८९च्या नियमांतल्या मुख्य तरतुदींतून सूट दिली. यांत बाहेरच्या जीवाचं जनुक राहत नाही, झाडाच्या स्वतःच्या जनुकात बारीक बदल होतो. मे २०२५मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दोन जनुक-संपादित भात वाणं जाहीर केली: हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचं, सांबा मसुरीवर बेतलेलं 'कमला', आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचं 'पुसा डीएसटी राईस १'. दोन्ही सरकारी संस्थांची, याचा मला आनंद आहे.

सूट देण्याला माझा विरोध नाही. किरणोत्साराने जनुकं अंदाधुंद बदलून केलेली वाणं आपण अनेक दशकं खातो आहोत, त्यांना कोणी अडवलं नाही. नेमका एक बदल करणाऱ्याला डझनभर समित्यांपुढे उभं करणं तर्काला धरून नाही. काळजी वेगळी आहे. सूट मिळाल्यामुळे 'यात बाहेरचं जनुक उरलेलं नाही' हे ठरवण्याचा मुख्य भार आता संस्थेच्या स्वतःच्या जैवसुरक्षा समितीवर येतो. या समित्यांत मी बसलो आहे. सदस्य बहुतेक त्याच आवारातले, बाहेरून आलेला एक सरकारी प्रतिनिधी, त्याची परतीची गाडी संध्याकाळची. अहवालाची पानं शेकडो आणि चर्चा जेवणाच्या सुट्टीपर्यंत. माणसं प्रामाणिक असतात, पण शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला 'तुझी आकडेवारी पुरेशी नाही' म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही. या समित्यांची इतिवृत्तं आणि चाचण्यांची आकडेवारी खुली ठेवली तर निम्मा अविश्वास तिथेच मिटेल. दुसरं, जनुक-संपादनाच्या क्रिस्पर-कॅस ९ या तंत्राची महत्त्वाची पेटंटं परदेशी संस्थांकडे आहेत. शेतकऱ्यापर्यंत बियाणं न्यायचं तर त्यांचा परवाना कोणत्या अटींवर, हे आधी सांगा. बोलगार्डच्या शुल्कावरून कंपन्या आणि सरकार वर्षानुवर्षं कोर्टात झगडले. तो खेळ पुन्हा नको. तिसरं, वाण शेतात गेल्यावर पाच-दहा वर्षं त्याच्याकडे बघणारं कोण, त्याचं पद, त्याचा पगार कुठल्या लेखाशीर्षातून, हे जाहीर करण्याच्या दिवशीच ठरलेलं असावं.

स्वामिनाथन यांच्या कृतिदलाने २००४ सालीच स्वायत्त नियामक संस्था सुचवली होती. त्यासाठीचं विधेयक २०१३च्या एप्रिलमध्ये लोकसभेत आलं आणि लोकसभेसोबतच बरखास्त झालं. जनुकीय मोहरीच्या खटल्यात २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मंजुरीवर एकमत झालं नाही, मात्र केंद्राने राज्यं, तज्ज्ञ आणि शेतकरी यांच्याशी बोलून जीएम पिकांबाबत राष्ट्रीय धोरण करावं, यावर दोघेही एकत्र आले. या खटल्याच्या मुळाशी असलेल्या याचिका २००४-०५च्या आहेत. म्हणजे पहिलं वाण शेतात गेल्यावर बावीस वर्षांनी, तेही कोर्टाने सांगितल्यावर, धोरण लिहायला घ्यायचं. तरी मला त्यातला 'राज्यं' हा भाग मोलाचा वाटतो. शेती राज्यांकडे, कृषी सहायक राज्याचा, भरपाई राज्य देतं. राज्याला मंजुरीच्या वेळी फक्त ना-हरकत विचारायची आणि नंतरचं सगळं निस्तरायला त्यालाच लावायचं, हे बदललं तर बरंच काही बदलेल.

तुमच्या प्रबंधाच्या विषयाबद्दल: कृपा करून 'बीटी कापसाचे फायदे-तोटे' घेऊ नका, त्यावर कपाटं भरली आहेत. १९८९च्या नियमांतली जिल्हा समिती घ्या. विदर्भ-मराठवाड्यातले पाच-सहा कापूस जिल्हे निवडा आणि माहिती अधिकारात प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाकडे तीन गोष्टी मागा: समिती स्थापनेचा आदेश, गेल्या दहा वर्षांतल्या बैठकांची इतिवृत्तं आणि त्या कामावर झालेला खर्च. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. काही ठिकाणी अर्ज कृषी विभागाकडे वर्ग होईल, तिथून आणखी कुठे; ती वर्ग केल्याची पत्रंही टाकून देऊ नका, ती तुमच्या तिसऱ्या प्रकरणाचं साहित्य आहे.